अडते कुठे, ते आधी पाहा

जुना संगणक रेंगाळू लागला की घरात, कचेरीत, वाचनालयात एकच प्रश्न निघतो : 'नेटवर्कचा वेग वाढवून घ्यायचा का?' कुणी नवे कार्ड सुचवतो, कुणी महागडी जोडणी. माझ्याकडे असा प्रश्न आला की मी आधी थोडा इतिहास सांगतो, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या इतिहासातच आहे.

संगणक एकमेकांना जोडण्याच्या ज्या पद्धतीला आपण इथरनेट म्हणतो, तिचा जन्म १९७३ सालचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथे एका माणसाने एकट्याने वापरायचा 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला होता. असे अनेक संगणक एकमेकांना आणि लेझर प्रिंटरला जोडायचे कसे, हा प्रश्न रॉबर्ट मेटकाफ यांच्यापुढे होता. २२ मे १९७३ रोजी त्यांनी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ते प्रत्यक्षात आणले. मूळ प्रेरणा हवाई बेटांवरच्या 'अलोहा' या रेडिओ-जाळ्याची. तार एकच आणि बोलणारे अनेक, तेव्हा आधी कान द्यायचा, कुणी बोलत नसेल तर बोलायचे, आणि दोघे एकदम बोललेच तर दोघांनी थांबून थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात करायची. गावच्या सभेत हा नियम पाळला गेला तर किती बरे होईल!

या पहिल्या इथरनेटचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. तीन का नाही, असे कुणालाही वाटेल. तर आल्टोच्या आत जे घड्याळ टिकटिकत होते, त्याच्याच ठेक्यावर हा वेग बेतला होता. संगणकाला झेपेल, त्याच्या चालीशी जुळेल, असाच तारेचा वेग ठेवला गेला. पुढच्या पन्नास वर्षांत नेमका हाच समतोल वारंवार बिघडला.

१९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिटचे इथरनेट मांडले. १९९० मध्ये टेलिफोनच्या तारेसारख्या पीळदार जोडतारांवर ते चालू लागले. १९९५ मध्ये १०० मेगाबिट आले, आणि १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरून १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट. प्रत्येक उडी दसपट होती. शहाणपणाची गोष्ट अशी, की नव्याने जुन्याला वाळीत टाकले नाही. तारेच्या दोन टोकांची यंत्रे आधी आपापसात बोलून दोघांना जमेल तो सर्वांत मोठा वेग ठरवतात. त्यामुळे नवा स्विच आणला म्हणून जुना संगणक टाकून द्यावा लागत नाही.

पण तार धावत सुटली, तसा संगणक आतून धावला का? इथे साधे गणित करू. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या तारेतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात, गिगाबिटमधून १२५. सन २००० च्या आसपासच्या घरगुती संगणकातली हार्ड डिस्क सेकंदाला साधारण वीस-तीस मेगाबाइट देत असे. त्यातली पीसीआय ही अंतर्गत वाट कागदावर १३३ मेगाबाइटची, तीही सगळ्या कार्डांत वाटून घ्यायची. अशा यंत्रात गिगाबिट कार्ड बसवणे म्हणजे चौपदरी रस्ता बांधून वाड्याच्या दिंडी दरवाजापाशी आणून सोडणे. चार हजार मेगाबाइटची फाइल १०० मेगाबिटवर साडेपाच मिनिटांत जाईल, गिगाबिटवर बत्तीस सेकंदांत जायला हवी. पण डिस्कच सेकंदाला २५ देत असेल, तर दोन मिनिटे चाळीस सेकंद लागणारच. फायदा झाला, पण दसपट नाही, दुप्पट.

बाहेरच्या जोडणीचे तर आणखी वेगळे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, ते टेलिफोन आणि मॉडेमवर. पुढे ५६ किलोबिटचे मॉडेम आले, तरी सर्वांत जुने १० मेगाबिटचे कार्डही त्याच्या पावणेदोनशे पट वेगवान होते. २००४ च्या सरकारी धोरणाने 'ब्रॉडबँड' म्हटले ते २५६ किलोबिटला. २०१३ मध्ये ती किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली, २०२३ मध्ये दोन मेगाबिट. त्या काळात इंटरनेट जलद व्हावे म्हणून नवे कार्ड घेणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नव्हते. आज मात्र फायबर घरात आले आहे. जोडणी ३०० मेगाबिटची आणि संगणकाचे कार्ड १०० चे असेल, तर अडथळा खरोखरच कार्डाचा आहे आणि ते बदलणे योग्य.

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाने मला असेच विचारले होते. पुस्तकांची यादी उघडायला फार वेळ लागे, म्हणून समितीने सगळे नेटवर्क नवे करायचे ठरवत आणले होते. खर्च झाला असता पुस्तकखरेदीच्या तरतुदीतून. मी एवढेच सुचवले की ज्या संगणकात यादी साठवली आहे, त्याच्यासमोर बसून ती उघडून पाहा. तिथेही तेवढाच वेळ लागला! म्हणजे तारेचा काही दोष नव्हता. त्या एका संगणकाला हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, थोडी मेमरी वाढवली, आणि यादी झटक्यात उघडू लागली. पुस्तकांचे पैसे पुस्तकांनाच राहिले.

वेग वाढवायचाच असेल, तर तारही पाहावी. १०० मेगाबिटला तारेतल्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी एकाच केबलमधल्या जोड्या वाटून दोन संगणक जोडलेले आढळतात. तिथे कार्ड कितीही चांगले असो, गिगाबिट मिळणार नाही. यूएसबीचे अडॅप्टर जुन्या यूएसबी २.० ला लावले तर साधारण ३०० मेगाबिटच्या आसपास थांबते. २०१८ च्या 'रास्पबेरी पाय' या छोट्या संगणकाने गिगाबिट दिले, ते याच कारणाने ३०० पर्यंतच.

आणखी एक गोष्ट वेगाच्या आधीची. विंडोज १० चे नेहमीचे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सुरक्षेची डागडुजी बंद झालेल्या यंत्राला वेगवान नेट देण्याआधी त्याची प्रणाली बदलावी. लिनक्सवर असे अनेक संगणक अजून काही वर्षे चांगले काम देतात, आणि भंगारात जायचे वाचतात.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घड्याळ लावून एक मोठी फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवा, आणि तीच फाइल त्याच संगणकात एका जागेवरून दुसरीकडे उतरवून पाहा. दुसरे काम झटकन झाले आणि पहिले रेंगाळले, तर कार्ड आणि तार बदला. दोन्ही सारखीच रेंगाळली, तर पैसे डिस्कवर खर्च करा.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)