साडेचारशें सुटलेले

पोलिसांनीं धरलेला माणूस गुन्हेगारच असला पाहिजे, असें सुशिक्षित घरांतही सहज बोललें जातें. अटक, आरोप आणि अपराधाची शाबिती या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत, याचें स्मरण फारसें कोणी ठेवीत नाहीं. शिरूर-दौंडच्या मुलखांत १८७५ सालीं जें घडलें, त्यांत ह्या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

शिरूर तालुक्यांतील करडें येथें १८७४ च्या अखेरीस काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख ह्या आपल्या ऋणकोविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्याचें घर पाडलें. गांव खवळलें. सावकारांच्या शेतांत कोणी राबेना, न्हावी त्यांच्या दारीं फिरकेना. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला. (सुपें आज बारामतीकडे आहे, तेव्हां तें भीमथडी तालुक्यांत होतें आणि दौंडही त्याच तालुक्यांत मोडे.) लोण शिरूरकडे व नगर जिल्ह्यांत पसरलें. सरकारी चौकशींत आढळून आलें कीं, जमावाचा रोख खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते मुकाट्यानें हवालीं केल्यास बहुधा पुढें कांहीं होत नसे.

दोन्ही जिल्हे मिळून ९५१ इसम पकडले गेले. अपराधी ठरले ५०१. मला उरलेले साडेचारशें अधिक बोलके वाटतात.

१८६० च्या दंडसंहितेप्रमाणें पांच जणांचा बेकायदेशीर जमाव झाला कीं समान उद्देशासाठीं एकानें केलेला गुन्हा सर्वांच्या माथीं येई. खतासारखा मौल्यवान दस्तऐवज नष्ट करण्याची शिक्षा तर काळ्या पाण्यापर्यंत जाई. पण हा इसम जमावांत सामील होता कीं नुसता बघ्या, हें सरकारनें शाबीत करावयाचें. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध चालत नसे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें तसें ठरविलें होतें. १ जुलै २०२४ पासून दोन्ही कायद्यांच्या जागीं नवे आले, तरी हीं तत्त्वें टिकून आहेत.

आतां हाच कुणबी दिवाणी कोर्टांत पाहावा. तेथें सावकाराचें खत हीच साक्ष. हातांत रक्कम किती पडली, व्याजाचें मुद्दल केव्हां झालें, हें विचारतो कोण? भीतीनें म्हणा, अज्ञानानें म्हणा, कुळ बहुधा हजरच होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. तुरुंगांत धाडावयाचा तर त्याच्याविरुद्ध साक्षीदार हुडकावे लागत. घरादारास मुकवावयाचा तर एक कागद पुरे! खत जाळलें कीं कर्ज गेलें, ही समजूत अडाण्याची म्हणून हंसण्याजोगी नव्हे. ती त्याला कोर्टानेंच शिकविली होती.

१८७९ च्या दख्खनी शेतकऱ्यांविषयींच्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासणें भाग पाडलें. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्याला कैदेंत टाकणेंही त्यानें बंद केलें. करडेंच्या देशमुखाचें घर पडून तेव्हां चार-पांच वर्षें झालीं होतीं.