अनेकार्थी इंग्रजी शब्दांचे स्पॅनिश भाषांतर

एकापेक्षा जास्त अर्थ असलेल्या इंग्रजी शब्दासाठी संदर्भ पाहून स्पॅनिश प्रतिशब्द ठरवण्याची प्रक्रिया. असे शब्द ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

(१) अर्थ उघडच वेगळे असलेले : ‘बँक’ म्हणजे पेढी असेल तर ‘बांको’, नदीकाठ असेल तर ‘ओरिया’. ‘प्ले’ हे क्रियापद खेळासाठी ‘खुगार’, तर वाद्यासाठी ‘तोकार’. येथे शेजारच्या शब्दांवरून बहुधा निर्णय होतो.

(२) इंग्रजीत एकच वाटणारा अर्थ स्पॅनिशमध्ये विभागला जाणारे : खोलीच्या आतला ‘कॉर्नर’ म्हणजे ‘रिंकोन’, रस्त्याचा ‘एस्कीना’. ‘फिश’ पाण्यात जिवंत असेल तर ‘पेस’, खाण्यासाठी पकडलेला असेल तर ‘पेस्कादो’. ‘नो’ या क्रियापदासाठी माहीत असणे या अर्थी ‘साबेर’ आणि ओळखीचे असणे या अर्थी ‘कोनोसेर’ येते. हा भेद मराठीतही आहे. ‘यू’साठी स्पेनमध्ये ‘तू’, ‘उस्तेद’, ‘बोसोत्रोस’ आणि ‘उस्तेदेस’ यांतून निवड करावी लागते. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ रूढ आहे. बोलणाऱ्यांचे नाते मूळ वाक्यात नसेल, तर ते मजकुरात इतरत्र शोधावे लागते.

(३) स्पॅनिश प्रतिशब्दाच्या लिंगावरून अर्थ बदलणारे : ‘ऑर्डर’ म्हणजे क्रम असेल तर पुल्लिंगी ‘एल ओर्देन’, हुकूम असेल तर स्त्रीलिंगी ‘ला ओर्देन’, आणि मालाची मागणी असेल तर ‘पेदीदो’. ‘कॅपिटल’ भांडवल या अर्थी पुल्लिंगी, राजधानी या अर्थी स्त्रीलिंगी.

यंत्रभाषांतरात ही अडचण आरंभापासून ओळखली गेली. वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये आजूबाजूचे शब्द तपासण्याचा उपाय सुचवला. येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये ‘पेन’मध्ये असलेल्या खोक्याचे वाक्य देऊन त्याची मर्यादा दाखवली. तिथे ‘पेन’ म्हणजे लेखणी (‘प्लूमा’) नव्हे, तर बाळाला खेळायला ठेवण्याचे कुंपण (‘कोर्राल’), हे वस्तूंचे आकारमान माहीत असेल तरच कळते.

अर्थ निश्चित झाल्यावरही प्रदेश पाहावा लागतो. बस पकडण्यासाठी स्पेनमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘कोखेर’ हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील समजतात. तेथे ‘तोमार’ वापरतात.