निवडणूक आणि पराभूत उमेदवार

२०२४ सालच्या नोव्हेंबरात मालेगाव मध्य मतदारसंघाचा जो निकाल लागला, तो त्या वेळच्या विधानसभा निवडणुकीत साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत अटीतटीचा ठरला. मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मते पडली आणि आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. अंतर अवघे १६२ मतांचे. आमच्या गावात यंत्रमागाच्या एखाद्या मोहल्ल्यात एका पाळीला याहून अधिक माणसे कामावर असतात. अशा वेळी जो जिंकतो त्याच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. त्याचा गुलाल हाच त्याचा पुरावा. खरा प्रश्न असतो तो हरणाऱ्याचा. त्याने घरी कसे जावे? आपण मतांनी हरलो, कोणाच्या हातचलाखीने नाही, हे त्याने कशावरून मानावे?

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा थोडी आणि मोर्चे फार, अशी आमची विद्या. परंतु संघटनेच्या निवडणुका पुष्कळ पाहिल्यामुळे एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. निवडणुकीची सारी यंत्रणा हरणाऱ्याची खात्री पटावी म्हणून उभी केलेली असते. ही खात्री जेथे नाही, तेथे मतपेटी असूनही लोकशाही नाही. आपल्या देशाचा निवडणुकीचा इतिहास या दृष्टीने वाचला म्हणजे तो फार बोलका वाटतो.

१९३७ साली प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा मताचा अधिकार जमीन, कर किंवा शिक्षण पाहून मिळे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे तीन कोटी. मागावर बसणारा, शेतात राबणारा आणि त्यांच्या घरची बाई यांतील बहुतेक जण यादीबाहेर. ज्याचे नावच यादीत नाही तो हरतही नाही. त्याला खेळातच घेतलेले नसते. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने हा भेद पुसून टाकला आणि प्रत्येक प्रौढाला एक मत दिले.

पण अधिकार कागदावर आला म्हणजे नाव यादीत आले, असे होत नाही. १९४९ सालच्या जूनमध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी निवडणुकीचे काम प्रांतांच्या हातून काढून सबंध देशासाठी एकाच आयोगाकडे सोपविण्याची दुरुस्ती मांडली. कारणही त्यांनी स्पष्ट सांगितले. काही प्रांतांत वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीतून गाळण्याचे प्रकार सत्तेवरील मंडळी करीत असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. तात्पर्य, जो निवडणुकीला उभा राहणार त्याच्याच हाती यादीची लेखणी असू नये, हा आयोगाच्या जन्मामागचा विचार होय.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे १७ कोटींहून अधिक मतदार होते, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून चिन्हे आली, आणि प्रत्येक उमेदवाराची निराळी लोखंडी पेटी आली. शिक्का मारण्याची पद्धत नंतरची. त्या पहिल्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. अशी नावे आयोगाने घेतली नाहीत. त्या वेळी हे कठोर वाटले. परंतु स्त्रीचे मत तिच्या स्वतःच्या नावावर पडले पाहिजे, हा धडा पुढच्या निवडणुकांना उपयोगी पडला.

त्याच निवडणुकीत एक असा पराभव झाला की जो प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. उत्तर मुंबईच्या मतदारसंघात स्वतः डॉ. आंबेडकर हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांना सुमारे १४ हजार मतांनी मागे टाकले. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला मते दोन. आणि ती दोन निरनिराळ्या उमेदवारांना द्यावयाची. तेथे सुमारे ७४ हजार मते बाद झाली. दोन्ही मते एकालाच टाकून दुसरे वाया घालवा असा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. त्यातून निकाल बदलला नाही. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. ज्यांनी घटनेचा मसुदा घडविला त्यांनीच तिच्या पहिल्या निवडणुकीत पराभव सोसला. तक्रार केली ती कायद्याच्या दारात, आणि पुढची लढाई लढविली ती मतपेटीवरच. पराभूताने कसे वागावे आणि व्यवस्थेने पराभूताला कोणते दार उघडे ठेवावे, हे दोन्ही यात आले.

ते दार बंद करण्याचा प्रयत्नही या देशाने पाहिला आहे. १९७१ साली रायबरेलीत हरलेले राजनारायण न्यायालयात गेले, आणि १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवड रद्द ठरविली. त्याच महिन्यात आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती होऊन पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्यात आली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील हा भाग रद्द केला. मग त्याच निकालात इंदिरा गांधींची निवड मात्र कायम केली. माणूस कोण जिंकला हे येथे गौण आहे. हरलेल्याला दाद मागता येते, समोर पंतप्रधान असला तरी येते, हे त्या दिवशी टिकले.

आता पेटी गेली आणि यंत्र आले. यंत्राविषयी चहाच्या टपरीवर वाद घालणारे पुष्कळ. परंतु कायद्याने उमेदवाराच्या हाती जी हत्यारे दिली आहेत ती वापरणारे थोडे. मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मते टाकून यंत्राची चाचणी घ्यावी लागते. मतदान संपल्यावर एकूण किती मते पडली हे नमुना १७-सी या कागदावर लिहून त्याची प्रत प्रतिनिधीला द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी त्या आकड्याशी यंत्राचा आकडा ताडून पाहता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात कागदी मतपत्रिकेची मागणी फेटाळली. पण दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा हक्क दिला. हे हक्क हरणाऱ्याचेच आहेत, हे पाहण्यासारखे आहे. मात्र ज्या केंद्रावर त्याचा माणूसच बसलेला नाही, तेथे कागद मागणार कोण?

कामगाराच्या बाजूने आणखी दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिली गुप्ततेची. कारखान्याच्या आवारात हात वर करून मत घेतले की मुकादमाची नजर जिकडे, तिकडे हात जातात. हे आम्ही किती वेळा पाहिले आहे! चिठ्ठी आली की तीच माणसे निराळे बोलतात. पूर्वी कागदी मतपत्रिका अनेक ठिकाणी मोजणीपूर्वी एकत्र मिसळीत. यंत्रामुळे आता केंद्रागणिक आकडे बाहेर पडतात आणि कोणता मोहल्ला कोणाकडे गेला हे सर्वांना कळते. मग नळाचे पाणी आणि गटाराचे काम अडविणाऱ्याला पत्ता हुडकावा लागत नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारे साधन लावावे, अशी सूचना आयोगाने २००८ सालीच केली होती. ती अमलात आलेली नाही. दुसरी गोष्ट रोजगाराची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब कलमाने मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी आहे, रोजंदारीवाल्यालाही आहे. पण जितके कापड तितकी मजुरी, असा हिशेब असलेल्या मागावाल्याच्या हाती त्या दिवसाचे पैसे पडतात का, हे ज्याने त्याने आपल्या कारखान्यात विचारावे.

आणि वेळेचे काय? मालेगाव महापालिकेसाठी २०१७ च्या मे महिन्यात मतदान झाले. त्यानंतरचे झाले ते थेट २०२६ च्या जानेवारीत. मधली साडेतीन वर्षे नगरसेवकाविना, प्रशासकाच्या कारभारात गेली. हरलेल्या माणसाला ‘पाच वर्षे थांब, पुन्हा ये’ असे आपण सांगतो. तो थांबतो, ते या वचनावर विश्वास ठेवून. वचनाची तारीखच पुढे सरकत गेली तर त्याने थांबावे तरी का?

आमचे सांगणे एवढेच. पुढच्या निवडणुकीत घोषणा देणारी पन्नास पोरे कमी असली तरी चालतील. पण प्रत्येक केंद्रावर सकाळच्या चाचणीपासून संध्याकाळच्या सहीपर्यंत जागचा न हलणारा एक माणूस बसवा. त्याला १७-सी ची प्रत मागायला शिकवा. आणि महिनाभर आधी मतदारयादी घेऊन गल्लीतील आपल्या विरोधकाचेही नाव तीत आहे ना, हे पाहून या.