ख्रिस्ती मातृत्व आणि आईचा अधिकार : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या धर्मांतरविषयक अभ्यासात मतांतराची वैचारिक कारणे व समाजाचा बहिष्कार यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने धर्मांतरित कुटुंबातील आई आणि मूल यांचा संबंध उपेक्षित राहिला. ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने आपले मूल कसे वाढवावे, हे कोणी ठरवावयाचे : चर्चने, पतीने, ज्ञातीने की स्वतः आईने? प्रस्तुत निबंधात पंडिता रमाबाई (1858-1922) आणि लक्ष्मीबाई टिळक (1868-1936) यांच्या चरित्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मिशनची गृहकल्पना

अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत कार्यास प्रारंभ केला व 1824 मध्ये तेथे मुलींची शाळा काढली. 1827 मध्ये आलेल्या सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगर येथे दीर्घकाळ स्त्रीशिक्षणाचे कार्य केले. या शिक्षणामागे एक निश्चित धारणा होती. आई साक्षर व श्रद्धावान असेल तर घर ख्रिस्ती होईल, आणि घर ख्रिस्ती झाले तरच मंडळी टिकेल, असे मिशनरी मानीत. त्यामुळे आईला मान मिळाला, परंतु तिने मुलांना काय शिकवावे याचा आराखडा मात्र बहुधा बाहेरून येत असे.

रमाबाई आणि मनोरमा

रमाबाईंना शिकविणाऱ्या आईचा आदर्श मिशनकडून मिळालेला नव्हता. त्यांच्या आई लक्ष्मीबाई डोंगरे यांनीच त्यांना संस्कृत शिकविले होते. बाप्तिस्म्यापूर्वी, 1882 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या ग्रंथातही त्यांनी अपत्यांचे संगोपन व शिक्षण यांचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो.

1881 मध्ये मनोरमेचा जन्म झाला व पुढील वर्षी पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. 1883 मध्ये रमाबाई मुलीसह इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई चेल्टनहॅम येथे शिकत असताना मनोरमा वाँटेजच्या भगिनींजवळ राहत असे. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला तो याच काळात. त्रैक्याच्या सिद्धांतासारखी काही मते रमाबाईंच्या बुद्धीला पटत नव्हती. जे आपल्याला पटलेले नाही ते आपल्या मुलीच्या मनावर ठसविले जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मनोरमेने स्वदेशीयांना परकी होऊ नये, हीही त्यांची तळमळ होती. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यातील वाद वरकरणी धर्मशास्त्राचा असला तरी त्याच्या मुळाशी आईच्या अधिकाराचा प्रश्न आहे. रमाबाई त्या भगिनींच्या आश्रयास होत्या, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे या आग्रहाचे मोल कळते.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन झाले व पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. 1896-97 च्या दुष्काळानंतर केडगाव येथे शेकडो अनाथ मुली रमाबाईंच्या छत्राखाली आल्या. एका मुलीपुरते असलेले मातृत्व येथे संस्थेचे रूप घेते. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविलेल्या मनोरमेने आईच्या कार्यास वाहून घेतले. 1921 च्या जुलैत तिचे निधन झाले आणि 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनीही देह ठेवला.

लक्ष्मीबाई आणि दत्तू

लक्ष्मीबाईंची कसोटी निराळी होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लहानग्या दत्तूसह त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. मूल आईजवळ होते, परंतु कायद्याच्या दृष्टीने पित्याचा हक्क प्रबळ होता. मूल जाईल ही धास्ती आणि पतीपासून ताटातूट अशा दुहेरी दुःखात त्या सापडल्या. पुढे पतीजवळ राहावयास गेल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, ही जाणीव त्यांना स्वतःच्या अनुभवातून हळूहळू झाली, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास विनोदाच्या अंगाने आला आहे. तेथे आदर्श मातेचे उपदेशपर चित्र नाही. चिडणारी, रडणारी आणि तरीही घर उघडे ठेवणारी आई आहे. अनाथ मुलांना घरात सामावून घेणे हाच त्यांच्या धर्माचा रोजचा आचार ठरला.

निष्कर्ष

1. दोघींच्याही बाबतीत ‘चांगली ख्रिस्ती आई’ ही कल्पना जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. रमाबाईंनी ती बुद्धीने पारखली, लक्ष्मीबाईंनी अनुभवाने.

2. रमाबाई विधवा असल्याने मुलीच्या बाजूने चर्चशी वाद घालू शकल्या. सधवा लक्ष्मीबाईंना तो निर्णय दांपत्यजीवनातूनच घ्यावा लागला. मातृत्वाचा अधिकार स्त्रीच्या वैवाहिक स्थितीशी बांधलेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

3. दोघींचेही मातृत्व रक्तसंबंधाची मर्यादा ओलांडून अनाथांपर्यंत पोहोचले.

लक्ष्मीबाईंचा दत्तू म्हणजे देवदत्त नारायण टिळक. ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे चरित्र त्यांनी 1960 मध्ये सिद्ध केले. ज्या मुलाच्या धर्मावरून दोन घराण्यांत ओढाताण झाली, त्यानेच दुसऱ्या एका ख्रिस्ती मातेची कहाणी मराठी वाचकांपुढे ठेवली, ही बाब मराठी ख्रिस्ती परंपरेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.