एक नळी, दोन नळ्या

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. पण गेल्या दिवाळीत तळोद्याला गेलो, जुन्या जीपचं काम काढलं आणि त्यानंतर गप्प बसणं जमेना. तर मंडळी, आज थोडा इतिहास, थोडी यंत्रं आणि शेवटी एक कबुली. ज्यांना नटबोल्टचा कंटाळा आहे त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल. शेवट मात्र वाचा, विशेषतः आमच्या नातेवाईक मंडळींनी. :-)

आमची जीप म्हणजे जुनी डिझेल गाडी. आबांनी तिची मागची बाकडी काढून लोखंडी हौदा बसवून घेतला होता. आज ज्याला सगळे पिकअप म्हणतात ती आमच्याकडे अशी घरीच तयार झाली! उन्हाळ्यात धडगावकडून आमचुराची पोती खाली आणायची, पावसाळ्यात खत वर न्यायचं, मधल्या काळात लग्नाची वऱ्हाडं. रस्ता एकच, चांदसैली घाटाचा. तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो (नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला). घाटाला कठडे कमी, वळणं जास्त. ड्रायव्हर लोक घाटाच्या तोंडाशी थांबून ब्रेक दोनतीनदा दाबून बघायचे आणि मग हात जोडायचे. क्रम महत्त्वाचा, आधी ब्रेक, मग देव.

आता त्या ब्रेकची गोष्ट. बंद नळीतल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकात सांगितलं. आपण शाळेत पाठ केलं आणि विसरलो. मोटारीला ते लावलं माल्कम लॉकहीडनं. विमानवाल्या अॅलन लॉकहीडचा हा भाऊ. त्याला १९१७ साली चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट मिळालं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते ब्रेक आले, पण सुरुवातीला आतले वॉशर कातड्याचे होते आणि गळायचे. क्रायस्लरच्या इंजिनियरांनी रबराचे वॉशर घातले आणि १९२४ च्या क्रायस्लरपासून ही पद्धत खरी रुजली. फोर्डनं मात्र सळया आणि तारांचे ब्रेक १९३९ पर्यंत सोडले नाहीत. एक नळी फुटली तर चारही चाकं जातात, ही त्या काळची भीती काही खोटी नव्हती.

१९४१ ची विलीजची लष्करी जीप आली तेव्हा तिला हायड्रॉलिक ब्रेकच होते. आपल्याकडे १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली आणि १९४७ पासून विलीज जीपची जुळणी होऊ लागली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. म्हणजे आपल्या गावाकडच्या जीपच्या कुंडलीत लष्करही आहे आणि फाळणीही.

त्या जुन्या घडणीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला बसवलेला असे. पायाखालच्या पत्र्यात एक छोटं झाकण. ते काढायचं, माती झाडायची, मास्टरचं बूच उघडायचं आणि ब्रेक ऑइल ओतायचं. मास्टरमध्ये एकच खोली, बाहेर एकच नळी, पुढे तिचे फाटे चारही चाकांना. हँडब्रेक चाकांना नव्हेच, तो मागच्या प्रोपेलर शाफ्टवर. १९६२ च्या कॅडिलॅकमध्ये दोन खोल्यांचा मास्टर आला, पुढच्या चाकांना एक, मागच्यांना एक. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दुहेरी ब्रेक सक्तीचे झाले. आमच्या पट्ट्यातल्या जुन्या जीपा मात्र एकाच नळीवर पुढेही कित्येक वर्षं घाट उतरत राहिल्या.

आमचीही उतरत होती. मे १९८७ पर्यंत.

मी चौदा वर्षांचा. सुट्टीत आबांबरोबर गाडीवर. त्या दिवशी धडगावला पोती भरली आणि आम्ही खाली निघालो. पोत्यांवर आमचे जिभाऊ (माझे आतेभाऊ, पण घरात सगळेच त्यांना जिभाऊ म्हणतात). चढताना दोन दिवसांपूर्वीच आबा म्हणाले होते, गाडी ओढत नाही, कुणीतरी मागून धरल्यासारखी वाटते. उतरताना अर्ध्या घाटात करपल्याचा वास यायला लागला. पुढच्या वळणावर आबांनी ब्रेक दाबला तो पाय थेट पत्र्याला टेकला. त्यांनी पंप केला, काही नाही. गियर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, त्यातून धूर. मग त्यांनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं.

आबांना खरचटलं, माझा दात पडला. जिभाऊ पोत्यांसकट खाली आले आणि त्यांचा उजवा पाय मांडीत मोडला. आजही ते लंगडतात.

नंतर मास्टर उघडला तेव्हा आतले रबरी वॉशर फुगून बटाट्यासारखे झालेले निघाले. चारच महिन्यांपूर्वी नवं किट टाकलं होतं. आबांनी निष्कर्ष काढला की दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला. दुकानासमोर उभं राहून त्यांनी चारचौघांत त्या माणसाला नाही नाही ते सुनावलं. तो बिचारा शपथा घेत होता. त्या दिवसापासून आमच्या घराण्यातलं कुणी त्या दुकानाची पायरी चढलं नाही. सोयऱ्यांनीही सोडलं. लहान गावात असं सोडणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता दिवाळीकडे येतो. आबा जाऊन सहा वर्षं झाली. जीप पुतण्याकडे आहे आणि त्याला ती शेतापुरती का होईना चालवायचीच आहे. मी म्हटलं, चालव, पण आधी टँडम मास्टर बसव, खर्च माझा. टँडम म्हणजे एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन पिस्टन, दोन खोल्या, टाकीतही मधे भिंत. पुढची नळी फुटली तर मागची चाकं धरतात, मागची फुटली तर पुढची. पेडल खाली जातं, गाडी उशिरा थांबते, पण थांबते.

वाटलं होतं एका दिवसाचं काम, लागले चार! नवा मास्टर बॉनेटखाली आणला, म्हणून पेडल वरून लोंबणारं लावावं लागलं. मास्टर किती जाडीचा घ्यायचा यावर मेकॅनिकनं मला पास्कल पुन्हा शिकवला. एक इंची पिस्टनचं क्षेत्रफळ पाऊण इंचीच्या जवळजवळ पावणेदोन पट. त्यामुळे मोठा मास्टर टाकला की जास्त ऑइल ढकललं जातं, पेडल थोडंच खाली जातं, पण तेवढ्याच जोरात दाब कमी मिळतो आणि पायाला घाम फुटतो. तिथे बूस्टर हवा. बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखं स्वतःहून व्हॅक्यूम देत नाही, म्हणून मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर. एक बदलायला जावं तर तीन बदलतात, घराच्या दुरुस्तीसारखंच. शेवटी हवा काढली, लांबच्या चाकापासून सुरुवात करून. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची दोन.

हवा काढता काढता तो मेकॅनिक सहज म्हणाला, "साहेब, यात ब्रेक ऑइलच टाकायचं. इंजिन ऑइल चुकून जरी पडलं तरी रबर फुगतं. फुगलं की ऑइल परतायचं भोक बुजतं, ब्रेक चिकटून राहतात, ड्रम तापतात आणि ऑइल उकळतं. घाटात तर संपलंच."

मी तिथेच पाटावर बसलो.

कारण त्या मे महिन्यात, घाटाच्या तीनचार दिवस आधी, आबांनी मला ब्रेक ऑइल बघायला सांगितलं होतं. मास्टर कमी होता, बाटली रिकामी होती. शेजारी इंजिन ऑइलचा डबा होता. ऑइल म्हणजे ऑइल, असं समजून मी ओतलं, बूच लावलं, पत्र्याचं झाकण बसवलं आणि "टाकलं" म्हणून सांगितलं. मी लपवलं नव्हतं हो, मला त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. ब्रेक ऑइल खनिज तेलाचं नसतं, ग्लायकॉलचं असतं. ते हवेतलं पाणीही ओढतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, पाणी मुरलं की १४० च्या आसपास. आमचं ऑइल तर कित्येक वर्षांचं होतं. बाकीचं तुम्ही जोडून घ्या.

संध्याकाळी जिभाऊंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते ओट्यावर पाय लांब करून बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग आते एक नळी फुटनी तरी दुसरी काम करी ना?"

म्हटलं, करेल. पण हेही सांगितलं की चुकीचं ऑइल पडलं तर दोन्ही खोल्यांतलं रबर फुगेल, तिथे टँडमचाही इलाज नाही. ते म्हणाले, "मंग पोऱ्याले सांगी ठेव." एवढंच. मी पुतण्याला सांगून ठेवलं, आणि टाकीवर पांढऱ्या रंगानं "फक्त ब्रेक ऑइल" असं रंगवूनही ठेवलं.

दुकानदार आता नाहीत. त्यांचा मुलगा दुकान बघतो. टँडमचं किट मी परगावाहून आणलं होतं, सवयीनं. परत निघताना मात्र त्या दुकानात गेलो, ब्रेक ऑइलची एक बाटली घेतली आणि त्यांच्या वडिलांचा काही दोष नव्हता हे गल्ल्यासमोर उभं राहून सांगितलं. दुकानात तेव्हा दोनच गिऱ्हाइकं होती. आबा बोलले होते तेव्हा चौकभर माणसं होती.

म्हणून हे इथे लिहिलं. नात्यातले जे अजूनही स्पेअर पार्टसाठी वळसा घालून नंदुरबारला जातात, त्यांनी आता जाऊ नये. माल तेव्हाही चांगलाच होता.