कॉकपिटमधली जादा खुर्ची

विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात, हे आपल्याला माहीत असतं. एक कॅप्टनची, दुसरी सहवैमानिकाची. पण त्यांच्या पाठीमागे, दाराला जवळजवळ चिकटून, आणखी एक खुर्ची असते. लागेल तेव्हा उघडायची, काम झालं की दुमडून ठेवायची. पाठ ताठ, गुडघे पोटाशी, मागे रेलायची सोय नाही. तिला जम्पसीट म्हणतात. आज तुम्हांला या खुर्चीची हकीकत सांगायची आहे.

ही खुर्ची मुळात सरकारी निरीक्षकाची. वैमानिक काम कसं करतात, हे पाहायला निरीक्षक आला तर त्याला कॉकपिटमध्ये जागा द्यावी, असं अमेरिकेचा नियम सांगतो. पण निरीक्षक काही रोज येत नाही. आणि रिकामी जागा दिसली की माणूस विचारतोच, ‘बसू का?’ आपल्याकडे एसटीच्या केबिनमध्ये ड्रायव्हरजवळ बसून गावी निघालेला दुसऱ्या डेपोचा ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेल. तशातलाच हा प्रकार. घरी किंवा कामावर निघालेला वैमानिक दुसऱ्याच कंपनीच्या विमानाशी येतो, ओळखपत्र दाखवतो आणि कॅप्टनची परवानगी मागतो. तिकीट नाही, पैसे नाहीत. दोन्ही कंपन्यांचा आपसात करार असला तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा. तो ‘नाही’ म्हणाला, तर खाली उतरायचं.

या रिवाजाची कीर्ती दूरवर नेली ती फ्रँक अ‍ॅबग्नेल नावाच्या एका भामट्याने. १९६०च्या दशकात पॅन अ‍ॅमचा वैमानिक असल्याचं सोंग करून आपण जगभर फुकट फिरलो, असं त्याने पुस्तकात लिहिलं. २००२ साली स्पीलबर्गने त्यावर चित्रपट काढला. पुढे कागदपत्रं तपासली गेली तेव्हा असं दिसलं, की ज्या वर्षांच्या या गोष्टी, त्यांतला बराच काळ हे गृहस्थ तुरुंगात होते. थाप मारायला त्याने जम्पसीट निवडली, यात मात्र त्याची हुशारी दिसते. लोकांना ती खरी वाटली, कारण तिथे सगळा कारभार विश्वासावर चालतो हे त्यांनी ऐकलेलं होतं.

पण वैमानिकाला कामावर जायला दुसऱ्याचं विमान का लागावं? याचं उत्तर बरंचसं एका कायद्यात आहे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याआधी कुठल्या कंपनीने कुठे उडायचं आणि तिकीट किती लावायचं, हे सरकारी मंडळ ठरवायचं. कायदा झाला आणि स्पर्धा सुरू झाली. तिकिटं स्वस्त झाली हे खरंच. पण कंपन्याही कोसळू लागल्या. ब्रॅनिफ १९८२ साली बंद पडली, ईस्टर्न १९९१च्या जानेवारीत, आणि पॅन अ‍ॅमसारखं नाव त्याच वर्षीच्या डिसेंबरात. ज्या उरल्या, त्या एकमेकींत विलीन होत गेल्या. आज या शहरात तळ, उद्या तो बंद, परवा दुसरीकडे.

त्यातून वैमानिकाची ज्येष्ठता ही भलतीच गोष्ट आहे. पगार, विमानाचा प्रकार, सुटी, तळ, सगळं ज्येष्ठतेच्या क्रमांकावर ठरतं. कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभव असला तरी यादीत शेवटी उभं राहायचं. म्हणून माणूस कंपनी सोडत नाही. आणि बायकोची नोकरी, पोरांची शाळा, म्हातारे आईबाप यांच्यापायी घरही हलवत नाही. घर एका गावात आणि नोकरी हजार मैलांवर, मधे ही दुमडती खुर्ची. मुंबईत कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की लोकलला पास तरी असतो. इथे खुर्ची मिळेल की नाही, हे विमान सुटेपर्यंत कळत नाही. म्हणून शहाणा वैमानिक एक विमान हुकलं तर दुसरं हाताशी ठेवून निघतो.

तळावर पोहोचल्यावर राहायचं कुठे? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्यू गार्डन्स नावाची वस्ती आहे, तिथल्या दोन्ही मोठ्या विमानतळांच्या मधे. तिथे वैमानिक आणि हवाई सेविका इतक्या संख्येने भाड्याने राहिले, की लोक तिला ‘क्रू गार्डन्स’ म्हणू लागले. एका फ्लॅटमध्ये दाटीवाटीने पलंग, एक उठला की दुसरा आडवा होतो. अशा जागेला ते ‘क्रॅश पॅड’ म्हणतात; आपला शब्द ‘कॉट बेसिस’. गिरणगावातल्या पाळीपाळीने झोपायच्या खोल्या, गोव्याच्या खलाशांचे मुंबईतले कूड, आमच्या कोकणातल्या मुसलमान गावांच्या जमातीच्या खोल्या, सगळे याच जातीचे. माझे एक मामू बोटीवर होते. त्यांची ट्रंक कायम जमातीच्या खोलीत आणि ते स्वतः दर्यावर. वैमानिकाच्या सोनेरी पट्ट्यांकडे पाहून आपल्याला मामूंची ट्रंक आठवत नाही, पण हिशोब तोच आहे.

ही खुर्ची केवळ सौजन्याची नव्हती, हे १९८३ साली दिसलं. मुंबईतला गिरणी संप मोडत चालला होता, त्याच सुमारास तिकडे फ्रँक लोरेन्झो यांच्या काँटिनेंटल कंपनीने दिवाळखोरी जाहीर करून जुने करार मोडले आणि पगार निम्म्यावर आणले. वैमानिक संपावर गेले. काही जण संप मोडून विमान उडवत राहिले. अशा फुटीरांना नंतर कित्येक वर्षं इतर कॅप्टन खुर्ची देत नसत. नावांच्या याद्या खिशात असत. कायद्याने बहिष्कार घालता येत नव्हता, पण ‘माझ्या कॉकपिटमध्ये नको’ एवढं कॅप्टनला म्हणता येत होतं. खुर्ची नाकारणं म्हणजे त्याचा घरचा रस्ता बंद करणं, आणि हे दोघांनाही कळत होतं. मला यात थोडा दुष्टपणा वाटतो. पण ज्याचा पगार निम्म्यावर आला त्याला काय वाटलं असेल, हे मी इथे बसून सांगू नये.

तिसऱ्या माणसाने कॉकपिटमध्ये काय होतं, याचे पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर पीएसए कंपनीचं विमान एका छोट्या सेसनावर आदळलं आणि १४४ माणसं गेली. त्याच कंपनीचा रजेवरचा एक कॅप्टन तेव्हा जम्पसीटवर होता, गप्पा चालल्या होत्या. चौकशीत गप्पांना अपघाताचं कारण म्हटलं नाही, पण अशा वातावरणातला धोका नोंदवला गेला. १९८१पासून दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, असा नियमच आहे. ७ एप्रिल १९९४ रोजी तर फेडेक्सच्या मालवाहू विमानात, जम्पसीटवर निघालेल्या त्याच कंपनीच्या फ्लाइट इंजिनियरने गिटारच्या पेटीतून आणलेल्या हातोड्यांनी तिघा सहकाऱ्यांच्या डोक्यावर घाव घातले. नोकरी जाण्याच्या बेतात होती. विमान पाडून घरच्यांना विम्याचे पैसे मिळवून द्यायचा त्याचा विचार होता. रक्तबंबाळ अवस्थेत त्या तिघांनी त्याला आवरलं आणि विमान मेम्फिसला उतरवलं. त्यांतला एकही पुन्हा प्रवासी किंवा मालवाहू सेवेत विमान चालवू शकला नाही.

२००१च्या ११ सप्टेंबरनंतर परक्या कंपनीच्या वैमानिकाला कॉकपिटचं दार बंद झालं. पुढच्या काही वर्षांत संगणकावर फोटो आणि नोकरीची नोंद पडताळायची पद्धत आली, तेव्हाच ते पुन्हा उघडलं. आणि २०२३च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात रजेवरच्या एका वैमानिकाने जम्पसीटवरून दोन्ही इंजिनं बंद करणारे दांडे ओढायचा प्रयत्न केलाच. वैमानिकांनी वेळीच हात धरले.

आता दुसरी बाजू. २८ ऑक्टोबर २०१८ला बालीहून जाकार्ताला निघालेल्या लायन एअरच्या ७३७ मॅक्स विमानाचं नाक आपोआप खाली जाऊ लागलं. जम्पसीटवर त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीचा वैमानिक होता. विमान खाली चाललंय, हे त्याने ओरडून सांगितलं. दोघांचे हात आणि डोळे गुंतलेले असताना तिसऱ्याचे मोकळे होते. शेपटीची मोटर बंद केली गेली आणि विमान सुखरूप पोहोचलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले. कॅप्टन होते दिल्लीचे भव्य सुनेजा. कॉकपिटमध्ये वैमानिक होते ते आणि सहवैमानिक, दोघेच.

पण या साऱ्यात मला सर्वांत जास्त थांबवते ती २००९ सालची हकीकत. त्यात कोणी हल्ला केला नाही, कोणी नियम मोडून खुर्ची मागितली नाही. कोलगन एअर ही एका मोठ्या कंपनीसाठी छोटी विमानं चालवणारी कंपनी. तिची एक सहवैमानिक २४ वर्षांची होती. तळ न्यूजर्सीत नेवार्कला; घर सिएटलजवळ, आईवडिलांकडे. म्हणजे देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर, सुमारे ३,९०० किलोमीटर. ११ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ती फेडेक्सच्या मालवाहू विमानाने सिएटलहून मेम्फिसला आली, तिथून रात्रीच फेडेक्सच्याच दुसऱ्या विमानाने नेवार्कला. पोहोचली तेव्हा सकाळचे साडेसहा होत आले होते. दिवसभर विमानतळावर, आणि रात्री बफेलोचं उड्डाण. कॅप्टनही असाच फ्लोरिडाहून येणारा. त्याने आदल्या रात्रींपैकी एक कंपनीच्या विश्रांतीच्या खोलीत काढली होती, जिथे रात्रभर झोपायला कंपनीची मनाई होती.

रात्री सव्वादहाच्या सुमारास विमानाचा वेग कमी झाला. धोक्याची सूचना मिळताच कॅप्टनने नाक खाली करायचं ते वर ओढलं. विमान एका घरावर पडलं. आतले ४९ आणि घरातला एक, पन्नास माणसं गेली.

सुनावणीत तिच्या पगाराचा आकडा निघाला, वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास. कंपनीने नंतर तो वाढवून सांगितला. पूर्वी ती कॉफीच्या दुकानातही काम करत होती. ध्वनिफितीत ती शिंकताना ऐकू येते. बरं वाटत नव्हतं, पण नेवार्कला येऊन आजारपण कळवलं असतं तर हॉटेलचा खर्च स्वतःला पडला असता, असं ती कॅप्टनला म्हणते. नेवार्कच्या वैमानिकांची नोंद काढली तेव्हा दर तिघांत दोघे बाहेरगावाहून येणारे निघाले.

चौकशी मंडळाने दोष कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादावर ठेवला. थकवा होता हे मान्य केलं, पण त्याचा वाटा किती, ते ठरवता येत नाही म्हणून कारणांत धरला नाही. मंडळाच्या अध्यक्षांना हे पटलं नव्हतं. त्यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला चकरा मारल्या, म्हणून २०१०च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला. सहवैमानिकालाही पंधराशे तासांचा अनुभव लागू लागला. २०१४च्या जानेवारीपासून दोन कामांमध्ये दहा तासांची विश्रांती आली.

घरून कामावर येण्याच्या प्रवासाचं काय? त्यासाठी राष्ट्रीय अकादमीची समिती नेमली होती. २०११च्या अहवालात तिने म्हटलं, की अंतर किंवा तास यांवर मर्यादा घालावी इतकी माहितीच हाती नाही. वैमानिकाने कामाला लायक अवस्थेत हजर व्हावं, ही जबाबदारी त्याच्यावरच राहिली. आणि विश्रांतीचे नवे नियम लिहिताना मालवाहू विमानं त्यांतून वगळली गेली. ज्या विमानांतून ती मुलगी रात्रभर आली होती, तसलीच.