आज्ञा आणि पोच

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात यंत्रांची महती पुष्कळ गायिली जाते. परंतु ती यंत्रे परस्परांशी बोलू कशी लागली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चुंबकीय ध्वनिफितीच्या काळात दोन फीतयंत्रे एकाच क्षणाशी जुळवून चालविणे मोठे जिकिरीचे असे. निरनिराळ्या कारखानदारांच्या जोडण्या निरनिराळ्या. एकाची आज्ञा दुसऱ्याच्या यंत्रास उमजत नसे.

या अडचणीतून पुढे वाट निघाली, ती वाद्यांच्या क्षेत्रातून. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी या दोघा वाद्यनिर्मात्यांच्या पुढाकाराने १९८३ साली विद्युत्-वाद्यांची एक सामाईक सांकेतिक भाषा सिद्ध झाली. तिचे नाव मिडी. या भाषेतच १९९२ साली ध्वनिमुद्रण-यंत्रांसाठी एक नवे प्रकरण जोडण्यात आले. त्यास 'मिडी मशीन कंट्रोल' म्हणतात.

या प्रकरणातील शब्द मोजके आहेत: चाल, थांब, पुढे जा, मागे ये, मुद्रण सुरू कर, मुद्रण सोड. प्रत्येक यंत्रास ० ते १२६ पैकी एक क्रमांक असतो. १२७ हा क्रमांक उच्चारला की ती आज्ञा सर्वांना लागू होते. तास, मिनिट, सेकंद व चौकट सांगून यंत्रास नेमक्या जागी नेता येते.

परंतु या योजनेचे खरे मर्म आज्ञेत नाही, विचारणेत आहे. 'तू आता कोठे आहेस?' असे यंत्रास विचारता येते, आणि यंत्राचे उत्तर निराळ्या वर्गाच्या संदेशाने परत येते. मात्र साध्या यंत्रांसही सामील होता यावे, म्हणून उत्तराची तार नसतानाही आज्ञा पाळली जाईल, अशी मुभा योजनाकारांनी ठेवली. ही मुभा सोयीची खरी, पण तीत धोकाही आहे. कचेरीतून आदेश सुटला म्हणजे काम झाले, असे नव्हे. पोच आली म्हणजे त्याची खात्री पटते. गायकाने जीव ओतून गाइलेले गीत संपावे, आणि यंत्राने मुद्रण सुरूच केले नव्हते असे मागाहून कळावे, याहून मोठी हानी ध्वनिमुद्रकाची ती कोणती? तो सूर पुन्हा तसाच लागेल, याची हमी कोणतेही यंत्र देत नाही.

ध्वनिफिती आता बहुतांशी मागे पडल्या. त्यांची जागा संगणकाने घेतली. तरी संगणकावरील अनेक मुद्रणप्रणाली आजही याच आज्ञा ओळखतात. यंत्रे बदलली, भाषा टिकली. कारण ती एका कारखान्याची नव्हती, सर्वांची होती.